सरकारी वाहनाचा अपघात आणि नुकसानभरपाईचा हक्क



आजचा विषय वसंत ऋतूला शोभणारा नाही. या व्यासपीठावरून आपण संतांविषयी ऐकता, साहित्याविषयी ऐकता, देशाच्या अर्थकारणाविषयी ऐकता. त्या मालिकेत मोटारीखाली सापडून मेलेल्या माणसाच्या नुकसानभरपाईची कथा रुक्ष वाटेल. पण ज्या घरावर हा प्रसंग येतो त्या घराला त्या दिवसापासून दुसरा विषयच उरत नाही. आणि जी मोटार अंगावर आली ती जर सरकारी असेल, तर त्या घरातली वडीलधारी माणसेच प्रथम म्हणतात, "सरकारशी कोण भांडणार? जे मिळेल ते पदरात घ्यावे आणि गप्प बसावे." ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे आणि तिच्यापायी काय गमावले जाते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एका घोड्याची गोष्ट सांगतो, कारण आपल्या हक्काची वंशावळ त्या घोड्यापाशी सुरू होते. कलकत्त्यात खिदिरपूर येथे सरकारी गोदी होती. एके दिवशी तेथील मजूर एक जड लोखंडी वस्तू रस्त्यावरून वाहून नेत होते. त्याच वेळी पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीची घोडागाडी तेथून चालली होती. मजुरांच्या हातून लोखंड खाली पडले, त्याच्या दणक्याने घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने सरकारवर साडेतीनशे रुपयांचा दावा लावला. प्रश्न असा निघाला की, सरकारच्या नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल सरकारला कोर्टात खेचता येते काय? १८६१ साली मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी उत्तर दिले : येते. ईस्ट इंडिया कंपनी राज्यही करीत होती आणि व्यापारही करीत होती. जे काम कोणीही खाजगी माणूस किंवा कंपनी करू शकते, त्या कामात नोकराने हयगय केली तर मालक म्हणून कंपनी जबाबदार होती. आणि तिच्यामागून आलेले सरकारही जबाबदार. मात्र जी कामे केवळ राजसत्ताच करू शकते, त्यांची गोष्ट वेगळी.

या निकालाने एक दार उघडले आणि त्याच दाराला एक अडसरही लावला. त्या अडसराचे नाव "सार्वभौम कृत्य". पुढे शंभराहून अधिक वर्षे वकील मंडळी त्या अडसराशी झुंजत राहिली.

आता आपण म्हणाल, कंपनी सरकार गेले, राणीचे सरकार गेले, आपण स्वतंत्र झालो, मग या जुन्या घोड्याचे आज काय? तर आपल्या राज्यघटनेचे ३०० वे कलम पाहा. त्यात म्हटले आहे की, भारत सरकारवर किंवा राज्य सरकारवर दावा लावता येईल. पण किती बाबतींत, तर घटना आली नसती तर ज्या बाबतींत तो लावता आला असता त्याच बाबतींत. संसदेने किंवा विधिमंडळाने वेगळा कायदा करीपर्यंत हीच स्थिती. म्हणजे १९५० नंतरही एखाद्या विधवेचा हक्क ठरवावयाचा तर एका व्यापारी कंपनीवर पूर्वी दावा चालला असता की नाही, हे पाहावे लागे. १९५६ साली मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल या प्रश्नावर लिहिला आणि स्पष्ट कायदा करा असे सांगितले. १९६० नंतरच्या दशकात विधेयकही लोकसभेत आले. तो कायदा आजतागायत झालेला नाही.

अशा परिस्थितीत १९५२ च्या फेब्रुवारीत उदेपूर शहरात एक अपघात झाला. कलेक्टरच्या दिमतीची सरकारी जीप दुरुस्तीसाठी कारखान्यात गेली होती. दुरुस्ती झाल्यावर ड्रायव्हर ती परत घेऊन निघाला. संध्याकाळची वेळ होती. रस्त्याच्या कडेने पायवाटेवरून एक गृहस्थ चालले होते. जीपने त्यांना धडक दिली. कवटी आणि पाठीचा कणा मोडला आणि तीन दिवसांनी इस्पितळात त्यांचे प्राण गेले. मागे पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. त्या बाईंनी स्वतःसाठी आणि अज्ञान मुलीसाठी पंचवीस हजार रुपयांचा दावा लावला. प्रतिवादी दोन : ड्रायव्हर आणि राजस्थान सरकार.

खालच्या कोर्टाने काय केले? ड्रायव्हरविरुद्ध हुकूमनामा दिला आणि सरकारविरुद्धचा दावा काढून टाकला. विचार करा, तो ड्रायव्हर म्हणजे हंगामी नोकरीवरचा, उमेदवारीतला माणूस. त्याच्याकडून हजारो रुपये कोठून निघणार? हातात कागद, पण त्या कागदावर दाणा मिळत नाही, अशी ती अवस्था. बाई राजस्थानच्या उच्च न्यायालयात गेल्या. तेथे सरकारही जबाबदार ठरले आणि पंधरा हजार रुपये मंजूर झाले. त्यावर राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात अपिलाला गेले. २ फेब्रुवारी १९६२ रोजी सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांनी निकाल दिला. त्याचा आशय असा की, कलेक्टरसाठी मोटारी आणि ड्रायव्हर ठेवणारे सरकार हे मोटार ठेवणाऱ्या इतर कोणत्याही मालकाहून वेगळे नाही. प्रजासत्ताकात, आणि सरकार जेव्हा उद्योगधंदे, वाहतूक, लोककल्याण अशा शेकडो कामांत उतरले आहे तेव्हा, नोकराच्या चुकीबद्दल मालकाने जबाबदार राहावे हा नियम सरकारला लागू न करण्यास काहीच कारण नाही.

अपघात १९५२ चा, अखेरचा निकाल १९६२ चा. तीन वर्षांची मुलगी तोवर तेरा वर्षांची झाली असेल. निकालाचा आनंद मानताना ही दहा वर्षेही आपण हिशेबात धरली पाहिजेत.

वाटले होते, प्रश्न मिटला. पण पाठोपाठ मीरतच्या सोन्याचा खटला आला. १९४७ साली एका व्यापाऱ्याचे सोने पोलिसांनी जप्त करून मालखान्यात ठेवले. मालखान्याच्या हेडकॉन्स्टेबलनेच ते लांबवले आणि तो पाकिस्तानात पळून गेला. व्यापाऱ्याने सोन्याची किंमत मागितली. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश आपल्या साताऱ्याचे, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. त्यांनी म्हटले की, अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कृत्ये आहेत, म्हणून सरकार जबाबदार नाही. उदेपूरच्या जीपचे काम तसे नव्हते. पण हा निकाल देताना त्यांचे समाधान झाले नव्हते. नागरिकाला अशा वेळी दाद मिळावी म्हणून कायदा करण्याची गरज आहे, हे त्यांनी त्याच निकालपत्रात बोलून दाखविले.

सोन्याच्या खटल्याची सावली मग रस्त्यावरच्या अपघातांवर पडली. लष्कराची एक मालमोटार कार्यशाळेतून एक यंत्र घेऊन तोफखान्याच्या शाळेकडे चालली असता तिच्याखाली एक सायकलस्वार ठार झाला. यंत्र वाहून नेणे हे काही केवळ राजसत्तेचेच काम नव्हे, म्हणून भरपाई द्या, असे मुंबई उच्च न्यायालय म्हणाले. मद्रासकडे संरक्षण खात्याची लॉरी आरमाराच्या जहाजासाठी कारखान्यातून वायू नेत असता दहा वर्षांच्या एका मुलाला जबर लागले. तेथे १९७५ साली प्रसिद्ध झालेला निकाल उलटा : हे सार्वभौम काम, सबब दावा चालत नाही. न्यायाधीशांनी सरकारला निदान दहा हजार रुपये कृपा म्हणून द्यावेत अशी शिफारस तेवढी केली. आता सांगा, चाकाखाली आलेल्याने आधी गाडीत काय भरले आहे हे पाहून मग जखमी व्हावयाचे काय? यंत्र असेल तर हक्क, वायू असेल तर कृपा!

या गोंधळातून वाट निघाली ती दोन बाजूंनी. एक बाजू सर्वोच्च न्यायालयाची. १९९४ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात त्या न्यायालयाने सांगितले की, आधुनिक राज्यात सार्वभौम आणि असार्वभौम हा भेद बहुतांशी निरर्थक झाला आहे. देशाचे संरक्षण, परराष्ट्रांशी तह, न्यायदान अशा मोजक्या मूलभूत बाबी सोडल्या तर सरकारने नागरिकाला उत्तर दिले पाहिजे. दुसरी बाजू मोटार वाहन कायद्याची, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने हीच अधिक महत्त्वाची. १९३९ च्या जुन्या कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आली. आज १९८८ चा कायदा चालू आहे आणि बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयातच हे न्यायाधिकरण बसते. तेथे मुख्य प्रश्न दोन : चूक कोणाची, आणि वाहनाचा मालक कोण?

मालक सरकार असेल तर सरकार. मग ड्रायव्हरने गाडी दुसऱ्याच्या हाती दिली तर? असाही एक खटला आपल्याच राज्यात झाला. सरकारी जीपचा ड्रायव्हर दारू प्यालेला होता, म्हणून खात्यातील एका कारकुनाने गाडी हाकली आणि अपघात झाला. कारकुनाला गाडी चालविण्याचा अधिकारच नव्हता, तेव्हा आमची जबाबदारी नाही, हा राज्य सरकारचा बचाव १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. गाडी सरकारी कामावर होती, एवढे पुरे झाले.

आता व्यवहाराकडे वळू. असा प्रसंग आला तर काय करावे?

पहिली गोष्ट मुदतीची. १९९४ साली अर्जाची मुदत काढून टाकली होती; २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. तेरावा झाला, वर्षश्राद्ध झाले की बघू, असे म्हणणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पोलिसांनीही तीन महिन्यांच्या आत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा आणि न्यायाधिकरणाने तोच अर्ज समजावा, अशी तरतूद आहे. तरी आपला अर्ज आपण करावा हे उत्तम.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला म्हणून तेथे खेटे घालण्याचे कारण नाही. अपघात झाला ते ठिकाण, अर्जदार राहतो ते ठिकाण, किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण, यांपैकी कोणतेही निवडण्याचा हक्क अर्जदाराचा आहे.

तिसरी गोष्ट प्रतिवादीची. ज्या साहेबांच्या दिमतीला गाडी होती त्यांचे नाव घालून भागत नाही. साहेब बदलून जातात. दावा राज्य सरकारवर, केंद्राची गाडी असेल तर भारत सरकारवर. आणि ज्या खात्याची गाडी त्या खात्याचा उल्लेख हवा. नगरपालिका, जिल्हा परिषद, एस. टी. महामंडळ या स्वतंत्र संस्था आहेत. त्यांची गाडी असेल तर दावा त्यांच्यावर.

चौथी गोष्ट पुराव्याची. पहिली खबर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, मृताच्या वयाचा आणि मिळकतीचा पुरावा, हे कागद नेहमीचे. पण सरकारी गाडीच्या बाबतीत एक कागद विशेष मोलाचा असतो : गाडीचे लॉगबुक. त्या दिवशी गाडी कोणी नेली, कोणत्या कामासाठी, कोठून कोठे, किती मैल, याची नोंद त्यात असावयास हवी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली त्या पानांची नक्कल लवकर मागावी. "गाडी खाजगी कामाला गेली होती" हा बचाव पुढे आलाच, तर त्याला उत्तर त्याच वहीत सापडण्याचा संभव असतो.

फौजदारी खटला चालू आहे, ड्रायव्हरला शिक्षा झाली की भरपाई आपोआप मिळेल, असेही पुष्कळांना वाटते. ही दोन वेगळी कामे आहेत. फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढे कोणते म्हणणे अधिक संभवनीय एवढेच पाहतात. ड्रायव्हर फौजदारीत सुटला म्हणून भरपाईचा अर्ज बुडत नाही.

आता रकमेविषयी. अपघात झाला की पुष्कळदा दोन-चार दिवसांत वर्तमानपत्रात येते : मृताच्या वारसांना इतके लाख रुपयांची सानुग्रह मदत. हा शब्द नीट पाहा. अनुग्रह म्हणजे कृपा. देणाऱ्याच्या मर्जीने दिलेले ते दान. भरपाई म्हणजे जे रिकामे झाले ते भरून देणे. तो हक्क, आणि त्याला हिशेब असतो. दिल्ली परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने या हिशेबाचे कोष्टक घालून दिले आणि २०१७ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते पक्के केले.

उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांचा एक माणूस, स्वतःचे छोटे दुकान, महिना वीस हजार मिळकत. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. पुढे मिळकत वाढली असती म्हणून चाळीस टक्के मिळवावयाचे : अठ्ठावीस हजार झाले. वर्षाचे तीन लाख छत्तीस हजार. चार माणसे अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : राहिले दोन लाख बावन्न हजार. त्या वयाला गुणक सोळा. गुणाकार केला की चाळीस लाख बत्तीस हजार. याशिवाय अंत्यविधीचा खर्च, घरच्यांच्या सहवासाला मुकल्याबद्दलची रक्कम, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. आता कृपेचे दोन-पाच लाख आणि हक्काचे चाळीस लाख ही दोन्ही शेजारी मांडून पाहा. गप्प बसण्याची किंमत किती, ते त्यावरून कळेल. अर्थात मृताचीही काही चूक ठरली तर तेवढा हिस्सा कमी होतो.

या सभेतील भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मृत व्यक्ती गृहिणी असली, तिला पगार नव्हता, म्हणून भरपाई शून्य होत नाही. घर चालविण्याच्या श्रमाला मोल आहे आणि ते मोजले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली सांगितले. तसेच आयुर्विम्याचे पैसे किंवा प्रॉव्हिडंट फंड मिळाला म्हणून तेवढी रक्कम भरपाईतून कापता येत नाही. हे १९९८ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्याच एका खटल्यात ठरले. मृताने पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते धडक देणाऱ्याच्या उपयोगी का पडावेत?

एक सावधगिरीची सूचना. चूक सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. साक्षीदार मुळीच नसतील तेथे तिचा मोठा आधार आहे. पण विमेदाराकडून तडजोडीने ती रक्कम स्वीकारली, तर मोठ्या रकमेचा अर्ज संपुष्टात येतो. तेव्हा दुःखाच्या भरात पुढे आलेल्या कोणत्याही कागदावर वाचल्याशिवाय आणि जाणत्याला विचारल्याशिवाय सही करू नये.

शेवटचा मुद्दा वसुलीचा, आणि येथेच सरकारी गाडीचे प्रकरण इतरांहून अवघड होते. आपल्या स्कूटरला विमा नसेल तर पोलीस दंड करतात. पण व्यापारी कामात नसलेल्या सरकारी गाडीला कायद्यानेच विम्यातून सूट दिली आहे. खाजगी गाडीच्या मागे विमा कंपनी उभी असते. येथे खाते स्वतःच्या तिजोरीतून देणार. मग फाइल टेबलावरून टेबलावर जाते, तरतूद नाही म्हणून पडून राहते, अपील करावे की काय यावर अभिप्राय मागविले जातात. निवाड्याचे पैसे आले नाहीत तर न्यायाधिकरण वसुलीचा दाखला कलेक्टरकडे धाडते आणि कलेक्टरने ते जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाचे. शेतसारा थकला तर कलेक्टर कसा वसूल करतो, हे आपणांस ठाऊक आहे. पण देणेकरी जर सरकारच असेल, आणि उदेपूरप्रमाणे गाडी कलेक्टरचीच असेल, तर? उजव्या हाताने डाव्या हाताकडे तगादा लावावयाचा! म्हणूनच कधी कधी कोर्टाचा बेलीफ सरकारी कचेरीतील खुर्च्या किंवा मोटार जप्त करावयास गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. वाचून आपण हसतो. पण त्या खुर्चीमागे एखादे घर कैक वर्षे वाट पाहत उभे असते.

यावर उपाय आहे. खात्यांनी आपल्या गाड्यांचा विमा उतरावा, किंवा परिवहन महामंडळांसाठी कायद्यात जशी निधीची कल्पना आहे तसा अपघात-निधी प्रत्येक सरकारने राखून ठेवावा आणि निवाडा होताच त्यातून पैसे द्यावेत. जेथे चूक उघड आहे तेथे वर्षानुवर्षे लढण्याऐवजी सरकारने स्वतः पुढे होऊन लोकअदालतीत दावा मिटवावा. ही मागणी मोठी नाही. जो नियम सरकार आपल्या स्कूटरवाल्याला लावते, तो त्याने स्वतःला लावावा, एवढीच आहे. आपल्या आमदारांना आणि खासदारांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे.

गेलेला माणूस पैशाने परत येत नाही, हे खरे. पण मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचे औषध आणि घराचे भाडे यांना पैसाच लागतो. उदेपूरच्या त्या बाईंनी, एकटीने, एका राज्याविरुद्ध दहा वर्षे दावा लढविला. आपल्या माहितीतल्या कोणा घरावर असा प्रसंग आला, तर सांत्वनाला जाताना दोन गोष्टी अवश्य सांगा : सरकारवर दावा चालतो, आणि मुदत सहा महिन्यांची आहे.